मागच्या आवारातली जुनी माच बदलताय? फळ्या सोडा, आधी खांबाचा पाय उकरून पाहा

नागपूर ग्रामीण : चैत्र-वैशाख म्हटलं की आपल्याकडे घराघरांत मागच्या आवारात कामं सुरू होतात. कुरोड्या, पापड, शेवया, मुगवड्या. मिरच्या वाळत टाकणं, गहू-तूर ऊन दाखवणं. आणि रात्री जेवण झालं की अंग टाकायलाही तीच जागा, कारण घरात पंखा गरम हवाच फेकतो. यासाठी बऱ्याच घरी सांदवाडीत लाकडी माच असते. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, खाली खांब, वर फळ्या. कोणी माच म्हणतं, कोणी फळ्यांचा ओटा म्हणतं, कोणी नुसतं "मागचा पलंग". नाव काही असो, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या या माचा आता एकसाथ म्हाताऱ्या झाल्या आहेत. गावोगावी हेच दिसून राहिलं आहे.

आमच्या घरची गोष्ट आधी सांगतो, कारण चूक माझीच होती.

माच बाबांनी बांधली होती. १२ फूट लांब, ८ फूट रुंद, सहा खांबांवर. दोन वर्षांपूर्वी फळ्या वाकल्या, एक-दोन तडकल्या. मी म्हटलं, बदलून टाकू. कापसाचे पैसे हातात होते. फळ्या आणल्या, सुताराला बोलावलं, दोन दिवसांत काम झालं. खांब थोडे हलत होते म्हणून मिस्त्रीनं प्रत्येक खांबाच्या बुडाशी सिमेंट-गिट्टी ओतून दिली. "आता हत्ती नाचला तरी हालत नाही भाऊ," असं म्हणून तो गेला. मीही खूश. वरून माच नवी दिसत होती.

यंदा चैत्रात माय आणि शेजारच्या तीन बाया त्यावर बसून कुरोड्या टाकत होत्या. एका कोपऱ्याचा खांब जमिनीलगत काडीसारखा मोडला आणि अख्खा कोपरा खाली बसला. तीन बायांना खरचटलं तेवढंच. मायचं मनगट मोडलं. गरम चिकाचं गंज बाजूला ठेवलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर आज हा लेख लिहायला मी बसलो नसतो.

मोडलेला खांब मी बाहेर काढला. जमिनीच्या वर लाकूड ठणठणीत. सिमेंटमध्ये गाडलेला भाग मात्र ओल्या भुशासारखा हातात आला. नव्या फळ्यांना काही झालेलं नव्हतं.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट लक्षात आली. घराच्या समोरची ओसरी आजोबांच्या काळातली आहे. तिचे सागवानी खांब माचीच्या खांबांपेक्षा निदान चाळीस वर्षांनी म्हातारे. त्यांना काहीच झालेलं नाही. लाकूड तेच, पाऊस तोच, उधईही त्याच गावची. मग फरक काय? ओसरीचे खांब मातीत नाहीत. प्रत्येक खांबाखाली घडवलेला काळा दगड आहे. त्याला तळखडा म्हणतात. खांब त्या दगडावर नुसता उभा आहे, जमिनीला त्याचा स्पर्शच नाही. लहानपणी त्या दगडावर आम्ही चिंचोके फोडायचो, पण तो कशासाठी आहे हे कधी विचारलं नाही.

लाकूड कुठं मरते

लाकूड सडतं ते बुरशीमुळे. बुरशीला हवा आणि ओल, दोन्ही एकाच जागी लागतात. कोरडं लाकूड सडत नाही. विहिरीत पूर्ण बुडालेलं लाकूडही वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिथं हवा नाही. पण जमिनीच्या पातळीला, म्हणजे वीतभर खाली आणि चार बोटं वर, दोन्ही भरपूर. म्हणून खांब नेहमी तिथंच मोडतो, मधात मोडत नाही.

त्यात खांबाचं कापलेलं टोक ही सर्वांत कमजोर जागा. लाकडाच्या नळ्या उभ्या असतात. टोक ओल्या मातीत असलं की कंदिलाच्या वातीसारखं पाणी वर चढत जातं.

आता सिमेंटचं पाहा. आपल्याला वाटतं सिमेंट ओतलं म्हणजे खांब पक्का झाला. पण लाकूड उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट आकसत नाही. दोघांच्या मधात बारीक फट पडते. पावसाळ्यात पाणी त्या फटीतून खाली जातं आणि तिथंच राहतं, कारण खाली सिमेंटची वाटी तयार झालेली असते. मातीतला खांब निदान मातीसोबत वाळतो. सिमेंटच्या वाटीतला खांब दिवाळीपर्यंत ओलाच. मिस्त्रीनं मन लावून काम केलं होतं, मी त्याला दोष देत नाही. त्यालाही कोणी हे सांगितलं नसावं.

उधईचं गणित वेगळं. आपल्याकडची घर खाणारी उधई जमिनीत राहते. तिला ओल लागते, उजेड आणि कोरडी हवा सहन होत नाही. म्हणून ती मातीची नळी बांधत बांधत वर चढते. खांब जमिनीत गाडलेला असला तर तिला नळी बांधायची गरजच नाही, आतून पोखरत वर जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. खांबाखाली फूटभर दगड असला तर तिला दगडावरून नळी न्यावी लागते. ती नळी आपल्याला दिसते, झाडूच्या दांड्यानं मोडता येते. दगड उधई अडवत नाही, पण चोर उघड्यावर आणतो.

दुरुस्ती पुरेल की पूर्ण काढावी?

त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. एक जाड पेचकस, एक हातोडी आणि एक सब्बल पुरे. प्रत्येक खांबाच्या बुडाशी वीतभर माती उकरा. पेचकस जोर लावून खुपसा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. अर्धा इंच सहज आत गेलं तर तो खांब गेला समजा. मग हातोडीनं वरपर्यंत ठोकत जा. भरीव लाकूड टणटण वाजतं, पोखरलेलं ढबढब. आडव्या लाकडांच्या खालच्या बाजूला आणि जिथं दोन लाकडं एकमेकांवर बसतात त्या सांध्यांतही पाहा, कारण सांध्यात पाणी अडकतं. खिळ्यांभोवती काळा डाग असेल तर तिथंही पेचकस लावा.

खांब चांगले आणि फक्त फळ्या खराब असतील तर फळ्या बदला, बेलाशक. खांब गेले आणि फळ्या-आडवी लाकडं चांगली असतील तरी घाबरू नका. वरचं सगळं जपून काढून ठेवा, खालचं नवं करा. निम्म्याहून जास्त आडवी लाकडं पोकळ वाजत असतील तर मात्र ठिगळं लावत बसू नका.

आणि एक गोष्ट अगदी आजच्या आज पाहा. बऱ्याच घरी जुन्या माचीवर पाण्याची प्लास्टिक टाकी ठेवलेली असते. ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन होतं, तेही एकाच कोपऱ्यावर आणि चोवीस तास. तिच्याखाली लेकरं खेळतात. बाकी लेख नंतर वाचा, पण ती टाकी आधी रिकामी करा.

काढताना सापाचं भान ठेवा

जुन्या माचीखाली आपण काय काय कोंबलेलं असतं! फुटकी मडकी, जुने पाइप, तुराट्या, कवेलूंचा ढीग. उंदीर तिथंच आणि उंदरामागे नाग, घोणस, मण्यार. विंचू तर असतोच. म्हणून आधी खालचं सामान लांब दांड्याच्या फावड्यानं ओढून काढा, हात घालू नका. पायात बूट हवेत. सकाळच्या उजेडात काम धरा, दिवस बुडताना नाही. साप चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी करू नका. हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा, १०८ ला फोन लावा.

फळ्या वरून खाली अशा क्रमानं काढा. ज्या फळीवर उभे आहात तीच उचकटायचा पराक्रम आमच्या गावात एकानं केला आहे. काढलेल्या फळ्यांचे खिळे लगेच उपटा. उलट्या पडलेल्या फळीचा खिळा चपलेतून आरपार जातो आणि मग धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी धावपळ.

आपली काळी माती

नवीन करताना पहिला विचार मातीचा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, हिंगणा या भागात बऱ्याच ठिकाणी काळी कन्हार आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरवर बसवलेला दगड तीन-चार वर्षांत तिरपा होतो. माच एका बाजूला कलते ती यामुळेच. रामटेक-पारशिवनीच्या काही भागात जमीन हलकी, रेताड किंवा मुरमाड आहे, तिथं हा त्रास कमी. बाकीच्या तालुक्यांत दोन्ही प्रकार आहेत, तेव्हा आपल्या आवारात खड्डा खणून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

काळ्या मातीत खड्डा निदान तीन फूट खोल न्या. मुरूम आधीच लागला तर तिथंच थांबा. खड्ड्यातली काळी माती परत खड्ड्यात टाकू नका. तळाशी गिट्टी-मुरूम थोडं पाणी मारत ठोकून बसवा आणि त्यावर दगड-सिमेंटचा ठोकळा उचला. ठोकळा जमिनीच्या वर फूटभर यायला हवा. वरचा माथा किंचित उतरता ठेवा, पाणी थांबता कामा नये.

आम्ही यंदा असे नऊ ठोकळे घेतले, तीन-तीनच्या तीन ओळींत. आधी सहा खांब होते आणि अंतर जास्त होतं. आता आडव्या लाकडाला दर चार फुटांवर टेकू मिळाला. हिशेब केल्यावर एक मजा दिसली. माच दोन फूटच उंच हवी होती. त्यातला एक फूट ठोकळा, वर पाच इंचांचं आडवं लाकूड, त्यावर चार इंचांच्या पट्ट्या, त्यावर दीड इंचाची फळी. म्हणजे लाकडी खांबाला जागाच उरली नाही! जे सडत होतं तेच काढून टाकलं.

ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये जाड पत्र्याचा तुकडा घाला. तो ठोकळ्याच्या चारी बाजूंनी दोन इंच बाहेर यावा आणि कडा खाली वाकवलेल्या असाव्या. खालची ओल लाकडात चढत नाही आणि उधईला त्या कडेवरून वळसा घालणं जड जातं. ठोकळ्यात आधीच बोल्ट बसवून घेतला तर लाकूड सरकत नाही.

माच घराच्या भिंतीला जोडू नका. घराचा पाया वेगळा, माचीचा वेगळा. काळ्या मातीत दोन्ही वेगवेगळे हलतात आणि मग तड भिंतीला जाते. चार बोटं जागा सोडा, झाडूही फिरतो.

पाण्याचा बंदोबस्त याच वेळी करून घ्या. आमच्या न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं माचीखालून वाहत होतं, हे मला खांब मोडल्यावर कळलं. आता पाइप टाकून ते केळीला सोडलं आहे. तुमच्याकडे जागा नसेल तर शोषखड्डा करा. कवेलूंच्या किंवा टिनाच्या पागोळ्या माचीच्या कडेवर पडत असतील तर पन्हाळ लावा, नाहीतर तीच कड सर्वांत आधी जाईल.

लाकूड घ्यायचं तर

१२ बाय ८ च्या माचीला सहा इंच रुंद, दीड इंच जाड आणि आठ फूट लांब अशा २३ फळ्या लागतात. दोन फळ्यांत पाव इंच फट धरली आहे. फट ठेवायलाच हवी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, शिवाय फटीतून पाणी निघून जातं. फळ्यांचं लाकूड झालं साडेअकरा घनफूट. खालच्या आडव्या लाकडांचं सुमारे सहा. कापण्यात वाया जाणारं धरून १९-२० घनफूट सांगा. हा हिशेब घरून कागदावर लिहून न्या. दुकानात उभं राहून तोंडी हिशेब केला की दोन घनफूट कुठं जातात ते समजत नाही.

नागपुरात लकडगंज भागात लाकडाची दुकानं आणि आरा मशिनी आहेत, तालुक्याच्या गावीही मिळतं. सागवान म्हटलं की सगळंच सागवान सारखं नसतं. झाडाचा आतला गाभा पिवळसर-तपकिरी, तो टिकतो. बाहेरचा पांढुरका भाग टिकत नाही, उधई तोच आधी खाते. एकाच फळीत दोन्ही असू शकतात. स्वस्त सागवान म्हणून जे देतात त्यात पांढरा भाग किती आहे, ते फळी उलटून पाहा. त्यापेक्षा जुन्या घराचं निघालेलं गाभ्याचं लाकूड बरं. ते आकसून मोकळं झालेलं असतं, वाकत नाही. फक्त खिळे नीट शोधा. आंबा, सालई ही लाकडं उघड्यावर ठेवायची नाहीत, पैसे पाण्यात जातात.

ज्यांच्या धुऱ्यावर स्वतःचं सागवान आहे त्यांच्यासाठी : झाड आपलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे आणि सागवान त्याच्या यादीत आहे. तोडल्यावर लाकूड आरा मशीनपर्यंत न्यायला वाहतूक परवाना वेगळा. आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसात जाऊन कागदपत्रं विचारा, सातबारा सोबत न्या. "आपल्याच वावरातलं तर आहे" म्हणून आधी तोडून मग धावणारे लोक मी बातमीत पाहिले आहेत. विकत घेतलेल्या लाकडाचंही बिल जपून ठेवा.

बांबूचं तसं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रानं वनकायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू काढला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यामुळे आपल्या वावरात लावलेला बांबू तोडायला आणि न्यायला आता ती अडचण राहिली नाही. आपल्याकडचा मानवेल भरीव असतो, माचीच्या पट्ट्यांना चांगला. पण कच्चा बांबू उघड्यावर दोन-तीन वर्षंच टिकतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत गोडवा जास्त, भुंगा लगेच लागतो. दिवाळीनंतर तोडलेला घ्या. चिरलेला बांबू १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड टाकून आठवडाभर बुडवून ठेवला, मग सावलीत वाळवला, तर आयुष्य कितीतरी वाढतं. मात्र हे औषध पावसानं धुऊन जातं. म्हणून बांबूच्या माचीवर छप्पर पाहिजेच.

लाकूड नकोच, पक्का ओटा बांधू?

बरेच जण हेच म्हणतात आणि ते चुकीचंही नाही. एकदाचं काम होतं, उधईची भीती नाही. राखेच्या विटा आपल्या जिल्ह्यात सहज मिळतात, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं जवळ आहेत. १२ बाय ८ चा, दोन फूट उंच ओटा भरायला ठोकून सव्वा ते दीड ब्रास मुरूम जातो. त्यात काळी माती अजिबात भरू नका, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वरची फरशी उचलून येईल. वर बाहेरच्या बाजूला उतार द्या, दर चार फुटांना एक इंच.

पण दोन गोष्टी ओटा बांधण्याआधी पाहा. एक म्हणजे घराचं जोतं. ओटा भिंतीला चिकटवून जोत्याच्या वरपर्यंत भरला तर त्यातली ओल सरळ घराच्या भिंतीत जाते. भिंत मातीची असेल तर दोन पावसाळ्यांत तिचं बूड सुटायला लागतं. उधईलाही घरात शिरायला आयता पूल मिळतो. तेव्हा जोत्याच्या खाली राहा किंवा मध्ये जागा सोडा.

दुसरी गोष्ट ऊन. नागपुरात पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही. २३ मे २०१३ ला तो ४७.९ वर गेला होता. अशा दिवशी कडप्पा किंवा सिमेंटचा ओटा संध्याकाळी सात-आठपर्यंत तापलेला राहतो, रात्री झोपलं तरी खालून वाफ लागते. लाकूड दिवस बुडाला की थोड्याच वेळात निवतं, आणि फटींतून खालची हवा वर येते. लोखंडी अँगलचा सांगाडा करून वर लाकडी फळ्या, हा मधला मार्ग आहे. सांगाड्याला रेड ऑक्साइड लावा आणि त्याचे पायही ठोकळ्यावरच ठेवा, कारण लोखंडही मातीलगतच गंजतं.

मी पक्क्या ओट्याचाच विचार करत होतो. मायनं प्लास्टरमधला हात वर करून सांगितलं, "मले सिमेंटावर बसवू नको बाप्पा. मांड्या भाजते." मग विषय संपला.

औषध कुठं आणि तेल कुठं

उधईसाठी जमिनीत क्लोरपायरीफॉस २० ईसी वापरतात. प्रमाण एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. ठोकळे बांधण्याआधी खड्ड्याच्या तळाला, बाजूंना आणि भरावाला ते द्यायचं. डबा उधईसाठी मान्यता असलेला आहे का हे लेबलवर वाचा. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे काम स्वतः करू नका, जाणकाराला विचारा. हातमोजे, तोंडाला कापड, वाऱ्याकडे पाठ. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, हे आपण विसरून चालणार नाही.

हे औषध माचीच्या फळ्यांवर कधीही लावू नका. त्यावर आपण पापड वाळवतो, लेकरू झोपवतो. जुनं जळकं ऑइल लावायची पद्धतही बऱ्याच घरी आहे. ते स्वस्त पडतं खरं, पण महिनोन्महिने कपड्याला आणि मिरचीला लागतं. खालच्या बाजूला, तेही हात लागणार नाही अशा ठिकाणी लावायचं तर लावा. वरच्या फळ्यांना जवसाचं तेल चांगलं. पातळ हात द्या, मुरू द्या, दोन-तीन दिवसांनी दुसरा हात. दरवर्षी उन्हाळ्यात एक हात. ते वाळायला वेळ लागतो, म्हणून कुरोड्यांच्या निदान दोन आठवडे आधी काम उरकून घ्या.

एक सावधगिरी मात्र डोक्यात पक्की ठेवा. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा पोत्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं. चिंध्यांचा गोळा असला तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते, आपल्या मे महिन्यात तर आणखी लवकर. चिंध्या उघड्यावर दगडावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. ज्या जुन्या लाकडाला कधी औषध किंवा ऑइल लावलं होतं ते चुलीत घालू नका, त्याच्या धुरात घरची बाईच बसलेली असते.

जोडकाम

फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसवा, जस्ताचा मुलामा असलेले घ्या. साधा खिळा गंजतो आणि फळी वाकली की स्वतःच उपटून वर येतो. स्क्रू असला तर पुढं एखादी फळी बदलायला अख्खी माच हलवावी लागत नाही. दीड इंचाच्या फळीला दर दोन फुटांवर खालून टेकू पाहिजे. इंचाची फळी घेतली तर दीड फुटावर. कुरोड्यांच्या दिवशी पंधरा बाया बसल्या तर आठ-नऊशे किलो वजन होतं, हे सुताराला आधीच सांगा. तो एक माणूस झोपेल या हिशेबानं लाकूड लावतो.

ग्रामपंचायतीचं म्हणाल तर आपल्या जागेत उघडी माच बदलायला सहसा कोणी अडवत नाही. पण त्यावर पक्कं छप्पर, भिंती घालून खोली करणार असाल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा, नमुना ८ मध्ये नोंद होते. आणि ठोकळा नालीवर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ देऊ नका. एका फुटासाठी दहा-दहा वर्षं बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक गावात आहेत.

काम पावसाआधी उरकायचं असेल तर ठोकळ्यांना सिमेंट मुरायला निदान आठवडाभर पाणी मारावं लागेल, तेवढे दिवस धरून चाला. मृग लागल्यावर काळ्या मातीत खड्डा खणणं म्हणजे चिखलात हात घालणं. यंदा जमलं नाही तर निदान माचीखालचं पाणी वळवा, टाकी उतरवा, मोडके कोपरे दगडावर टेकवून ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना वर बसू देऊ नका. खरं काम दिवाळीनंतर धरा.

आमची माच अक्षयतृतीयेनंतर दहाव्या दिवशी उभी झाली. मायचं प्लास्टर अजून निघायचं आहे. तिनं एका हातानं फळ्या दाबून पाहिल्या, खाली वाकून नऊही ठोकळे मोजले, आणि शेजारच्या बायांना निरोप धाडला की उरलेल्या कुरोड्यांचा गहू भिजवायला टाकते म्हणून.